मंडप की वाय? विदर्भाच्या उन्हात द्राक्षवेलीला कोणती रचना मानवेल?

सिंदखेडराजा_वावर

नमस्कार मंडळी. आमचे वावर सिंदखेडराजा तालुक्यात, जालना जिल्ह्याच्या शिवेलगत आहे. कपाशी, सोयाबीन आणि तूर ही आमची नेहमीची पिके. परंतु शेततळे झाल्यापासून एक एकर द्राक्ष लावण्याचा विचार घरात पक्का झाला आहे. शिवेपलीकडच्या कडवंचीने शेततळ्यांच्या पाण्यावर द्राक्षबागा उभ्या केल्या, त्या आम्ही जाता-येता पाहत आलो आहोत. डॉगरिज या खुंटाची (ज्याच्या मुळांवर कलम करतात त्या वेलीची) रोपे फेब्रुवारीत लावायची आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्यांवर माणिक चमन या जातीचे कलम करायचे, येथपर्यंत सर्व ठरले आहे.

अडले आहे ते आधाराच्या रचनेपाशी. काही जाणकार म्हणतात की विदर्भात ऊन फार, तेव्हा मंडपच (डोक्याच्या वर तारांची आडवी जाळी) करा, घड सावलीत राहतील. दुसरे तितक्याच खात्रीने सांगतात की मंडपाचे दिवस गेले, आता सर्व नवीन बागा वाय पद्धतीच्या (इंग्रजी Y अक्षरासारख्या दोन तिरप्या भुजांच्या) होतात. खर्चाचा हिशेब मी स्वतंत्रपणे करीन. मला समजून घ्यायचे आहे ते असे की रचना बदलल्याने वेलीच्या वाढीत आणि मालाच्या प्रतीत नेमका काय फरक पडतो, आणि तो का पडतो. लोखंड एकदा जमिनीत गेले की पुढची पंधरा-वीस वर्षे तोच निर्णय सांभाळावा लागणार आहे.

काटोल_संत्राबाग

मी संत्रा उत्पादक असल्यामुळे माझा प्रश्न कदाचित प्राथमिक वाटेल. आमच्याकडे झाडाला आकार देतात तो पहिल्या दोन-तीन वर्षांत, त्यानंतर सल काढण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही. द्राक्षात खत तेच, पाणी तेच, जात तीच असताना केवळ तारांची मांडणी बदलल्याने फळ कसे बदलते, हे कोणी मुळापासून सांगितले तर आमच्यासारख्यांनाही उपयोग होईल.

देऊळगाव_द्राक्ष

काटोलच्या भाऊंनी विचारलेली गोष्टच सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

संत्र्याचे झाड स्वतःच्या खोडावर उभे राहते. द्राक्ष ही मूळची रानातली वेल आहे. ती दुसऱ्या झाडाच्या आधाराने वर चढते आणि शेंडा उन्हात पोहोचला की तेथे फळते. सावलीत असेपर्यंत तिचा सर्व जोर चढण्याकडे असतो. हा स्वभाव तिच्या डोळ्यातच, म्हणजे काडीवरच्या अंकुरातच, भरलेला आहे. डोळ्याच्या आत जी सूक्ष्म गाठ तयार होते, तिच्यापासून पुढे घडही होऊ शकतो आणि बाळीही (आधाराला गुंडाळणारा तंतू) होऊ शकते. दोन्हींचे मूळ एकच आहे. त्या काळात काडीवर भरपूर प्रकाश असेल आणि सायटोकायनीन या वनस्पती-संजीवकाचे प्रमाण चांगले असेल, तर गाठ घडाच्या दिशेने जाते. अंधार असेल आणि जिबरेलीन या दुसऱ्या संजीवकाचा जोर असेल, तर तिची बाळी होते. वेलीला आधार देण्याची प्रत्येक पद्धत ही शेवटी या एका गोष्टीची व्यवस्था आहे: कोणत्या दिवसांत वेलीच्या कोणत्या भागावर ऊन पडावे आणि कोणत्या भागावर पडू नये.

आता आपल्या भागाकडे वळू. महाराष्ट्रात वेल वर्षातून दोनदा छाटली जाते आणि पीक एकदा घेतले जाते. एप्रिलच्या आसपासची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी फळासाठी. ऑक्टोबरात जो घड बाहेर दिसतो, तो उन्हाळ्यातच डोळ्यात ठरलेला असतो. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांच्या काळात सूक्ष्म घडनिर्मिती होते. छाटणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली, तर हा काळ मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत येतो, म्हणजे नवतपा सरून मृगाचे ढग येईपर्यंत. हीच छाटणी एप्रिलच्या अखेरीस गेली, तर घडनिर्मितीचा निम्म्याहून अधिक काळ ढगाळ हवेत सापडतो. त्यामुळे विदर्भात छाटणीची तारीख आणि बागेची रचना या दोन गोष्टी वेगळ्या काढून बोलता येत नाहीत. छाटणी वेळेवर झाली आणि रचनेने काडीवर ऊन पोहोचू दिले नाही, तरी मेचे स्वच्छ आकाश वाया जाते.

मंडपात तारांची जाळी जमिनीपासून सुमारे ७ फुटांवर आडवी असते. फुटी आधी उभ्या वाढतात आणि नंतर जाळीवर आडव्या पडतात. त्या मोजक्या असतील, तर प्रत्येकीला आकाश मिळते आणि काडी उत्तम पिकते. परंतु सपाट पृष्ठभागावर बगलफुटी (फुटीच्या बगलेतून निघणाऱ्या उपफुटी) एकमेकींवर चढू लागल्या की खालच्या काड्या पंधरवड्यात अंधारात जातात, आणि खालून पाहणाऱ्याला बाग फक्त हिरवीगार दिसते. वाय पद्धतीत दोन्ही भुजा तिरप्या असतात, मधला भाग उघडा असतो आणि दोन ओळींमध्ये मोकळी पट्टी राहते, त्यामुळे प्रकाश वरून, आतून आणि बाजूने अशा तिन्ही अंगांनी येतो. गर्दी झाली तर ती चटकन डोळ्यांना दिसते आणि हात पोहोचेल अशा उंचीवर असते.

मंडपात बाग वांझ राहते, असे माझे म्हणणे नाही. काड्या न मोजता ठेवल्या की मंडपात ती वांझ होते, आणि वायमध्येही होते. वायमध्ये ते वेळेत लक्षात येते एवढेच.

उद्यानविद्या_अकोला

वरील प्रतिसाद योग्य आहे. त्याला काही आकड्यांची जोड देतो, कारण आकड्यांशिवाय ‘मोजक्या काड्या’ म्हणजे किती हे प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवतो.

द्राक्षाचे एक पान त्याच्यावर पडलेल्या उपयुक्त प्रकाशाचा बहुतांश भाग स्वतःच शोषून घेते. त्याच्या खालच्या दुसऱ्या पानाला १० टक्क्यांहूनही कमी प्रकाश मिळतो आणि तिसरे पान जवळजवळ अंधारात असते. पूर्ण उन्हाच्या साधारण एक तृतीयांश प्रकाशातच पानाची अन्ननिर्मिती कमाल पातळीला पोहोचते. त्याहून अधिक ऊन एकाच पानावर पडले, तरी जास्तीचा लाभ नाही. म्हणून पानांचा एक थर आणि फार तर दीड थर, एवढीच कॅनॉपी (वेलीचा पानोरा) कामाची असते. तिसऱ्या थरातील पान अन्न तयार करण्याऐवजी खाऊ लागते, पिवळे पडते आणि भुरी रोगाला आसरा देते.

आता काड्यांचा हिशेब. दोन ओळींत ९ फूट आणि दोन वेलींत ५ फूट अंतर ठेवल्यास एका वेलीच्या वाट्याला ४५ चौरस फूट जागा येते आणि एकरी ९६८ वेली बसतात. दर दीड चौरस फुटाला एक काडी धरली, तर वेलीवर ३० काड्या होतात. प्रत्येक काडीवर ३५० ग्रॅमचा एक घड ठेवला, तर वेलीमागे साडेदहा किलो आणि एकरी १० टनांच्या आसपास माल होतो. एक ग्रॅम फळ नीट पोसण्यासाठी ८ ते १२ चौरस सेंटिमीटर उन्हातली पाने लागतात. त्या घडाला किमान २८०० चौरस सेंटिमीटर पाने हवीत, आणि एक पान सरासरी १७० चौरस सेंटिमीटरचे धरले तर ती सोळा-सतरा पाने होतात. ही पाने एकमेकांवर न चढता बसली पाहिजेत. ४५ चौरस फुटांत ३० फुटींची सुमारे पाचशे पाने कोठे आणि कशी बसवायची, हा प्रश्न रचनेने सोडवायचा असतो.

याचा इतिहासही बोधक आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथे नेल्सन शॉलिस यांनी १९६० च्या दशकात काँकर्ड जातीच्या जोमदार वेलींची कॅनॉपी दोन पडद्यांत विभागली. वेल तीच आणि जमीनही तीच असताना बुडाकडच्या डोळ्यांवर ऊन पडू लागले, त्यांची फलक्षमता वाढली आणि उत्पादनही वाढले. फ्रान्समध्ये बोर्डो येथे अलेन कार्बोनो यांनी लायर नावाची जी रचना मांडली, ती आपल्या वायची जवळची नातेवाईक आहे. या कामांतून निघालेले तत्त्व असे की वेल जोमदार असेल, तर ती छाटून छाटून लहान करण्यापेक्षा तिला पसरायला जागा द्यावी. जबर छाटलेली जोमदार वेल अधिक त्वेषाने फुटते आणि सावली आणखी वाढते.

मात्र ही कामे थंड प्रदेशांतली आहेत. तेथे घडावर अधिक ऊन आणणे हे उद्दिष्ट असते, आणि आपल्याकडे तेवढ्यावर भागत नाही. पानाची अन्ननिर्मिती २५ ते ३० अंश सेल्सिअसला उत्तम चालते, ३५ अंशांच्या पुढे घसरू लागते आणि आपल्या मे महिन्यात दुपारभर जवळपास थांबते. थेट उन्हात लटकणाऱ्या घडाचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा १० अंशांहूनही अधिक चढू शकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा ३६-३७ अंशांवर गेली की असे मणी भाजतात, त्यांच्यातील आम्ल वेगाने खर्च होते आणि काळ्या वा लाल जातींमध्ये रंग भरत नाही. तेव्हा काडीला मेमध्ये ऊन आणि घडाला मार्चमध्ये सावली, या दोन्ही गोष्टी एकाच लोखंडाकडून साधून घ्याव्या लागतात.

मेहकर_बाग

मी एक गोष्ट मांडते, जी पुस्तकी चर्चेत राहून जाते. द्राक्षाची प्रत तारांवर जेवढी ठरते तेवढीच मजुरांच्या हातांत ठरते, आणि आपल्या भागात हे काम बहुतांशी महिला करतात. कापूस वेचणीत त्या तरबेज आहेत, परंतु द्राक्षाची विरळणी, म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढणे, हे काम वेगळे आहे. मंडपात विरळणी आणि डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) करताना मान वर आणि हात डोक्याच्या वर ठेवून दिवसभर उभे राहावे लागते. दुपारनंतर मान आणि खांदे भरून येतात, कात्री घाईने चालते आणि घडाच्या आतल्या पाकळ्या (उपफांद्या) तशाच राहतात. तेच घड पुढे दाटतात, मधले मणी चेपतात आणि पिकताना तेथूनच कूज सुरू होते. वायमध्ये घड छातीपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर येतात, घडाच्या चारी बाजू दिसतात आणि सायंकाळच्या शेवटच्या घडाची विरळणीही सकाळच्या पहिल्या घडासारखी होते. मजूर बायांच्या शरीराला होणारा त्रास कमी होतो, हे तर मला मालाच्या प्रतीइतकेच महत्त्वाचे वाटते.

फवारणीचेही तसेच आहे. गोडी छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला की केवडा हा रोग येतो; त्याला पानावर पाण्याचा थर आणि दमट रात्र हवी असते. मंडपाखाली पान उशिरा सुकते आणि फवारा जाळीच्या वरच्या थरापर्यंत सारखा पोहोचत नाही. वायच्या मोकळ्या पट्टीतून वारा वाहतो आणि फवारा पानाच्या दोन्ही बाजूंना लागतो.

गारपिटीचा विचारही आत्ताच करून ठेवावा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भ-मराठवाड्यात कोणीही विसरलेले नाही. मंडपातले घड पानांखाली असल्याने त्यांना थोडा आडोसा मिळतो हे खरे, पण पुढे जाळी किंवा प्लॅस्टिकचे आच्छादन घालायचे ठरले, तर वायच्या ओळीवर कमान बसवणे सोपे जाते. खांब घेतानाच त्यांची उंची त्या बेताने ठेवावी.

पूर्णाकाठ

आम्ही खारपाणपट्ट्यात (खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात) असल्यामुळे खुंटाबद्दल बोलतो, कारण रचनेचा निर्णय खुंटापासून तोडता येत नाही. डॉगरिज हा अतिशय जोमदार खुंट आहे. हलक्या, मुरमाड जमिनीत आणि पाण्याच्या ताणात तो वेलीला तगवतो, म्हणूनच महाराष्ट्रात तो इतका पसरला. तोच खुंट खोल काळ्या जमिनीत, भरपूर नत्र आणि शेततळ्याचे मुबलक पाणी यांवर वाढला, तर पावसाळ्यात त्याला आवरणे कठीण होते. अशा वेलीला लहान भुजांची वाय दिली, तर फुटी तारांबाहेर लोंबतात, त्यांवर दुसऱ्या फुटी चढतात आणि ज्या प्रकाशासाठी वाय केली तोच नाहीसा होतो. मूळ मांडणाऱ्यांना माझे विचारणे आहे की जमीन किती खोल आहे? ती तीन फुटांहून खोल काळी असेल, तर ११०आर सारख्या मध्यम जोमाच्या खुंटाचा विचार करावा, किंवा डॉगरिजच ठेवायचा असेल तर रचना मोठी घ्यावी. पाण्यात क्षार असतील तर ११०३पी हा खुंटही विचारात घेण्याजोगा आहे. माती आणि पाणी तपासून घेतल्यावाचून खुंट कायम करू नये.

सिंदखेडराजा_वावर

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. माती मध्यम आहे. वर दीड-दोन फूट काळी आणि खाली मुरूम. पाण्यात क्षाराचा त्रास नाही. म्हणून डॉगरिज कायम ठेवतो.

दोन अडचणी मात्र आहेत. आमचे वावर पूर्व-पश्चिम लांब आहे आणि उतार अगदी हलका, दक्षिणेला नाल्याकडे आहे. ओळी लांबीच्या दिशेने घेतल्या तर टोकाचे खांब आणि ताण कमी लागतील. त्याने बिघडेल का? आणि दुसरे म्हणजे, मार्चमध्ये घडाला सावली हवी असेल, तर मंडपच अधिक योग्य ठरत नाही का?

देऊळगाव_द्राक्ष

दादा, ओळी उत्तर-दक्षिणच घ्याव्यात, जरी त्या आखूड झाल्या आणि टोकाचे खांब वाढले तरी. आपल्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच असतो, म्हणजे तो दक्षिणेकडे बराच कललेला असतो. ओळी पूर्व-पश्चिम असल्या तर दक्षिणेकडची भुजा मणी वाढण्याच्या आणि पिकण्याच्या काळात दिवसभर उन्हात राहते आणि उत्तरेकडची भुजा तिच्या सावलीत. एकाच वेलीवर दोन प्रतींचा माल होतो. एका बाजूचे घड पिवळे पडलेले आणि कोठे भाजलेले, तर दुसऱ्या बाजूचे हिरवे आणि साखरेत मागे. तोडणी दोनदा करावी लागते. ओळी उत्तर-दक्षिण असल्या की सकाळचे ऊन पूर्वेच्या भुजेला आणि दुपारनंतरचे पश्चिमेच्या भुजेला मिळते. उतारही त्याच दिशेने असल्यामुळे बोदांमधले पावसाचे पाणी सरळ नाल्याकडे जाईल. उतार हलका आहे म्हणून माती वाहून जाण्याचे भय फारसे नाही.

यातही पश्चिमेची बाजू सांभाळावी लागते. सकाळी दहाचे ऊन आणि दुपारी तीनचे ऊन प्रकाशाने जवळपास सारखे असले, तरी तीन वाजता हवा तापलेली असते. म्हणून घडाजवळची पाने काढायची असतील, तर ती पूर्वेच्या बाजूने काढावीत आणि पश्चिमेच्या बाजूची तशीच राहू द्यावीत. बागेच्या पश्चिम कडेच्या ओळीला शेडनेटचा पडदा लावावा.

थंडीचाही विचार करावा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री गार होतात आणि दुपारी ऊन चटकते. दिवस-रात्रीच्या तापमानातील या तफावतीत पांढऱ्या जातींचे उघडे घड गुलाबी पडतात आणि बाजारात त्यांचा भाव उतरतो. पानांआड असलेल्या घडांना हा त्रास कमी होतो, म्हणूनच मणी मऊ पडण्याच्या सुमारास पुष्कळ बागायतदार घडांना कागद लावतात.

उद्यानविद्या_अकोला

मंडपाच्या बाजूनेही नीट बोलले पाहिजे. उष्ण आणि कोरड्या प्रदेशांत आडवी छत्री वेलीला मानवते, याला जगभर आधार आहे. चिली आणि अर्जेंटिनात खाण्याची द्राक्षे मोठ्या प्रमाणावर मंडपासारख्या रचनेवरच घेतात, आणि इटलीच्या दक्षिणेतही तीच परंपरा आहे. मंडपाखाली घड विखुरलेल्या प्रकाशात लटकतात, त्यांचा रंग एकसारखा हिरवा राहतो, साल नाजूक राहते आणि उन्हाचा चट्टा क्वचित पडतो. जमिनीवर पडणारा जवळपास सर्व प्रकाश कॅनॉपी अडवते, त्यामुळे चांगल्या व्यवस्थापनात एकरी उत्पादन वायपेक्षा अधिक येऊ शकते. याविषयी माझे आणि देऊळगावच्या भाऊंचे मत पूर्णपणे जुळत नाही. केवळ घडाचा विचार केला, तर विदर्भाला मंडप अधिक योग्य आहे असे मी म्हणेन.

परंतु पाणी हा दुसरा पैलू आहे. कॅलिफोर्नियात केलेल्या मोजमापांत असे दिसले की दुपारी जमिनीवर पडणारी वेलीची सावली जितके टक्के, साधारण त्याच प्रमाणात वेलीची पाण्याची गरज वाढते. भुजा ३ फुटांच्या आणि त्यांमधील कोन ११० अंशांचा धरला, तर वायचा आडवा पसारा सुमारे ५ फूट होतो. ९ फुटांच्या ओळीत तो साधारण ५५ टक्के जमीन झाकतो. भरलेला मंडप जवळपास सगळी जमीन झाकतो. मे महिन्यात आपल्याकडे बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटरच्या वर असते, आणि एका एकरावर १० मिलिमीटर म्हणजे ४० हजार लिटर पाणी होते. नेमक्या घडनिर्मितीच्या काळात शेततळे तळाला गेले, तर पूर्ण पसरलेल्या मंडपाची तहान भागवता येत नाही. पाने करपतात आणि काडी कच्ची राहते. शेततळ्यात मेअखेर किती पाणी उरते, हे पाहून कॅनॉपीचा आकार ठरवावा.

म्हणून माझी शिफारस विस्तारित वायची आहे. दोन्ही भुजांच्या टोकांना बाहेरच्या बाजूस सुमारे एक फुटाचा आडवा पट्टा जोडून त्यावर आणखी एक तार ओढावी. पसारा ७ फुटांवर जातो, झाकलेली जमीन ७५ ते ८० टक्क्यांच्या दरम्यान येते आणि फुटींचे शेंडे टोकाशी छत्रीच्या काठासारखे घडांवर झुकतात. उन्हाळ्यात काडीला वायचा प्रकाश आणि फळाच्या वेळी घडाला मंडपाची सावली, असा मेळ त्यात बऱ्याच अंशी बसतो. मध्ये उरणारी दोन फुटांची पट्टी मात्र बगलफुटींनी बुजू देऊ नये.

पूर्णाकाठ

वाऱ्याचाही मुद्दा लक्षात घ्यावा. मे-जूनमधली वादळे आपल्याकडे झाडे उन्मळून टाकतात. मंडपाच्या सर्व तारा एकमेकींत गुंतलेल्या असल्याने एका कोपऱ्यातला ताण सुटला, तर शेजारच्या ओळीही खाली येतात. वायची प्रत्येक ओळ स्वतंत्र उभी असते, त्यामुळे नुकसान त्या ओळीपुरते राहते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे नुसते गाडलेले खांब दोन वर्षांत कलतात. टोकाचे खांब काँक्रीटमध्ये, शक्यतो मुरमापर्यंत नेऊन बसवावेत.

मेहकर_बाग

रचना कोणतीही असो, सांगाडा तयार होण्याच्या वर्षी घाई केली, तर पुढे ती भरून काढता येत नाही. कलमाची फूट जोमात असताना तिला थेट तारेवर पळवले, तर खोड बारीक राहते, ओलांड्यावर (तारेवरच्या आडव्या कायम फांदीवर) डोळ्यांमधले अंतर लांब पडते आणि काही डोळे कधीच फुटत नाहीत. रिकटनंतर (कलमाची फूट पुन्हा छाटून घेतल्यावर) थांबत-थांबत वाढवावे. फूट सात-आठ पानांची झाली की शेंडा मारावा, मागचा भाग जाड होऊ द्यावा आणि मग पुढची फूट घ्यावी. असा तयार झालेला ओलांडा बुडापासून टोकापर्यंत सारख्या जाडीचा असतो आणि त्यावर सुमारे चार बोटांच्या अंतराने काड्या मिळतात. ओलांड्याची एखादी वीतभर जागा रिकामी राहिली, तर तेथे उघड्या लाकडावर उन्हाळ्याचे ऊन पडून ते तडकते आणि ती जागा कायमची निकामी होते.

खरड छाटणीनंतर ओलांडे उघडे असतात आणि पारा ४२ च्या पुढे गेलेला असतो, तेव्हा डोळे मागेपुढे फुटतात. त्या दिवसांत दुपारी ओलांड्यांवर पाण्याचा हलका फवारा देत राहिल्यास फूट एकसारखी येते. फूट एकसारखी आली तरच सातव्या पानावर शेंडा मारणे आणि सबकेन (शेंडा मारल्यावर निघणारी उपकाडी) घेणे ही कामे एका वेळी होतात, आणि पुढे घडही एका वयाचे मिळतात.

काटोल_संत्राबाग

माझ्या प्रश्नाचे समाधान झाले. एकच विचारतो: पावसाळ्याचे तीन-साडेतीन महिने फळ नसते आणि काडीतील घडही ठरून गेलेले असतात, तेव्हा त्या काळात कॅनॉपी दाट राहिली तर काय बिघडते?

देऊळगाव_द्राक्ष

भाऊ, घड ठरलेला असला तरी तो टिकायचा असतो. जुलै ते सप्टेंबर या काळात काडी पिकते, म्हणजे हिरवी साल तपकिरी होते आणि काडीत अन्नसाठा भरला जातो. गोडी छाटणीनंतरचे पहिले काही आठवडे नवी फूट आणि लहानसा घड या साठ्यावरच जगतात. साठा अपुरा असेल, तर डोळ्यात तयार झालेला घडही बाहेर आल्यावर जिरतो आणि त्याची बाळी होते. दाट कॅनॉपीत पावसाळ्यात करपा आणि केवडा पाने पाडतात. पाने अकाली गळली तर सुप्त डोळे पावसाळ्यातच फुटतात आणि पीक हातचे जाते. म्हणून बगलफुटी काढण्याचे आणि शेंडे थांबवण्याचे काम मृगानंतर थांबवायचे नसते.

सिंदखेडराजा_वावर

घरी सर्वांशी बोलून विस्तारित वाय, उत्तर-दक्षिण ओळी आणि ९ बाय ५ फूट अंतर असे ठरवले आहे. खांबांची उंची पुढच्या आच्छादनाचा विचार करून घेतो आणि टोकाचे खांब मुरमापर्यंत नेतो. शेवटचा प्रश्न असा की काडीवर पुरेसे ऊन पडते आहे की नाही, हे उन्हाळ्यात शेतावर कसे ओळखावे? ऑक्टोबरात घड निघाले नाहीत म्हणजे कळणारच, परंतु तोपर्यंत वर्ष गेलेले असेल.

उद्यानविद्या_अकोला

मेच्या मध्यापासून, दर आठवड्याला, भर दुपारी ओळीत उभे राहून वेलीखालची जमीन पाहावी. सावलीत उन्हाचे लहान-लहान कवडसे सर्वत्र विखुरलेले दिसले, तर प्रकाश आतपर्यंत जात आहे. सलग गडद सावली दिसली, तर त्याच दिवशी बगलफुटी आणि जास्तीच्या काड्या काढायला घ्याव्यात. घडनिर्मितीचा काळ चालू असेपर्यंतच त्याचा उपयोग होतो. आतल्या बाजूची पाने पिवळी पडू लागली असतील, तर उशीर झाला आहे असे समजावे. जूनअखेरीस काडीच्या बुडाकडची पेरी हिरवेपणा सोडून तपकिरी होऊ लागली पाहिजेत, आणि डोळे चपटे व टोकदार न दिसता फुगीर व गोल दिसले पाहिजेत.

त्यानंतर गोडी छाटणीच्या आठ-दहा दिवस आधी डोळे तपासणी करून घ्यावी. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भुजांवरून, तसेच बागेच्या कडेच्या आणि मधल्या ओळींतून वेगवेगळ्या जाडीच्या काड्या निवडाव्यात, प्रत्येक बाजूची जुडी वेगळी बांधावी, ओल्या गोणपाटात गुंडाळावी आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यावी. सूक्ष्मदर्शकाखाली कितव्या डोळ्यात घड आहे हे कळते, आणि छाटणीची कात्री त्या डोळ्याच्या पुढे ठेवायची. सबकेन काडीवर असा डोळा बहुधा गाठीजवळ सापडतो, सरळ काडीवर तो थोडा पुढे असतो. दोन भुजांच्या अहवालांत फरक आला, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या डोळ्यांवर छाटाव्यात आणि कमी घडांच्या बाजूच्या कॅनॉपीकडे पुढच्या मेमध्ये अधिक लक्ष द्यावे.